डब्ल्यूबीसीएन आणि डब्ल्यूझेडएलएक्स : बोस्टनच्या रॉक रेडिओचा इतिहास

केंब्रिजवासी

नमस्कार. दोन वर्षांपासून मी नोकरीनिमित्त बोस्टनजवळ राहतो आणि रोज सकाळी गाडीत १००.७ एफएमवरील डब्ल्यूझेडएलएक्स हे क्लासिक रॉक, म्हणजे जुने रॉक संगीत वाजवणारे केंद्र ऐकतो. मला ते आवडते. माझे साठी ओलांडलेले सहकारी मात्र त्याचा विषय निघाला की हळहळतात आणि खरे केंद्र १०४.१ वर होते असे सांगून डब्ल्यूबीसीएनच्या आठवणी काढतात. गाणी तर बरीचशी तीच असणार. मग एवढी हळहळ कशासाठी? या दोन केंद्रांचा परस्परांशी काही संबंध होता का, आणि क्लासिक रॉक वाजवणारी केंद्रे मुळात निर्माण कशी झाली, हे कोणी सविस्तर सांगू शकेल का?

जुना बोस्टनकर

मी १९७८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याहून शिक्षणासाठी येथे आलो. आपली आवड आणि विविध भारतीवर वाढलेल्या माझ्या कानांना डब्ल्यूबीसीएन समजायला काही महिने लागले, कारण पुढे काय वाजेल याचा अंदाजच येत नसे. ब्लूजनंतर जॅझ, त्यानंतर एखाद्या स्थानिक बँडची कोणी न ऐकलेली फीत, आणि मध्येच एखादी तबकडी एका बाजूने अखंड. हळहळीचे उत्तर यातच आहे. तेथे गाणे निवडण्याचा अधिकार निवेदकाचा होता.

केंद्राचा जन्म मात्र रॉकसाठी झालेला नव्हता. टी. मिचेल हेस्टिंग्ज यांनी १९५८ मध्ये ते पाश्चात्त्य अभिजात संगीतासाठी सुरू केले. नावातील शेवटची तीन अक्षरे ‘बोस्टन कॉन्सर्ट नेटवर्क’ यांचीच आहेत. केंद्र तोट्यात होते. तेव्हा शहरातील ‘बोस्टन टी पार्टी’ या संगीत क्लबाचे चालक रे रीपेन यांनी हेस्टिंग्ज यांना रात्रीचे तास रॉकसाठी देण्यास राजी केले, आणि १५ मार्च १९६८ च्या रात्री ‘क्रीम’ या बँडच्या गाण्याने नवे पर्व सुरू झाले. काही महिन्यांतच अभिजात संगीत मागे पडून दिवसरात्र रॉक वाजू लागले. सुरुवातीच्या रात्रींचे एक निवेदक होते पीटर वुल्फ, जे पुढे ‘जे. गाइल्स बँड’चे गायक म्हणून प्रसिद्ध झाले. निवेदिका मॅक्सॅन सार्टोरी यांनी ‘एरोस्मिथ’ला आणि नंतर ‘द कार्स’ला येथूनच श्रोते मिळवून दिले, ‘द कार्स’ची नमुना फीत तर कंपनीने तबकडी काढण्यापूर्वीच वाजत होती. डॅनी शेक्टर यांच्या बातम्या म्हणजे व्हिएतनाम युद्धाच्या काळात सरकारी निवेदनांची रोजची चिरफाड असे.

मी प्रत्यक्ष अनुभवलेली गोष्ट १९७९ च्या फेब्रुवारीतील संपाची. केंद्र नव्या मालकांकडे गेले आणि त्यांनी पहिल्याच दिवशी १९ जणांना कामावरून काढले. उरलेले सगळे कर्मचारी, निवेदकांसह, बाहेर पडले. श्रोत्यांनी त्यांची बाजू घेतली, जाहिरातदारांनी जाहिराती थांबवल्या, आणि तीन आठवड्यांत मालकांना काढलेल्यांना परत घ्यावे लागले. रेडिओ केंद्राला शहर आपले मानते म्हणजे काय, ते मला त्या थंडीत कळले.

लघुलहरी

वरील माहितीला एक तांत्रिक बाजू जोडतो. एफएमवर रॉक का आला, याचे उत्तर देताना अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाच्या नियमाचा दाखला नेहमी दिला जातो. एक लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांत एकाच मालकाच्या एएम आणि एफएम केंद्रांवर निम्म्याहून जास्त वेळ तोच कार्यक्रम लावता येणार नाही, असा तो नियम होता आणि १९६७ च्या आरंभी त्याची व्यापक अंमलबजावणी झाली, त्यामुळे एफएमसाठी वेगळे कार्यक्रम शोधावे लागले. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूओआर-एफएम आणि डब्ल्यूएनईडब्ल्यू-एफएम या केंद्रांना तो पुरेपूर लागू पडतो. पण १९६७ मध्ये निवेदक टॉम डोनह्यू यांनी ज्या केंद्रावर एफएमवरील मोकळ्या रॉकचा हा प्रयोग नावारूपाला आणला, ते सॅन फ्रान्सिस्कोचे केएमपीएक्स, आणि त्यांच्या मागोमाग आलेले डब्ल्यूबीसीएन, या दोघांनाही एएमचे जुळे भावंड नव्हते. त्यांना नियमाने नव्हे, रिकाम्या तिजोरीने धाडस करायला लावले. गमावण्यासारखे काही नसलेल्या मालकानेच निवेदकाला मोकळीक दिली, असे माझे मत आहे. आणि केंद्राला किंमत आल्यावर ती मोकळीक आक्रसत गेली, हेही त्याच कारणाने.

जुना बोस्टनकर

आपली दुरुस्ती मान्य आहे. मीही आजवर त्या नियमालाच श्रेय देत होतो.

तबकडीप्रेमी

क्लासिक रॉकची बाजूही कोणीतरी मांडायला हवी. ऐंशीच्या दशकाच्या पूर्वार्धात रॉक केंद्रांपुढे खरा पेच होता. नवे संगीत वाजवले तर पस्तिशीकडे झुकलेला श्रोता दुरावे, आणि जुने वाजवले तर तरुण. डेट्रॉइटचे सल्लागार फ्रेड जेकब्ज यांनी त्या मोठ्या होत चाललेल्या श्रोत्यासाठी स्वतंत्र केंद्र असावे अशी मांडणी केली आणि १९८५ मध्ये मिशिगनमधील लान्सिंगच्या डब्ल्यूएमएमक्यूवर ती अमलात आणली. त्याच वर्षी बोस्टनमध्ये डब्ल्यूझेडएलएक्सनेही जुन्या रॉकचा मार्ग धरला. ज्या पिढीने ही गाणी तारुण्यात ऐकली तिच्या हाती आता पैसा होता, म्हणून जाहिरातदारही आले. यात मला गैर वाटत नाही. नोकरीवरून दमून परतणाऱ्या माणसाला ओळखीचे गाणे मिळणे हीसुद्धा सेवाच आहे. तोटा एवढाच झाला की ठरावीक गाण्यांची यादी पुन्हा पुन्हा वाजत राहिली, आणि त्याच तबकड्यांवरची बाकीची गाणी नव्या श्रोत्याच्या कानी पडलीच नाहीत.

केंब्रिजवासी

सर्वांचे मनापासून आभार. दोन केंद्रांच्या परस्परसंबंधाचा प्रश्न तेवढा राहिला.

जुना बोस्टनकर

तो संबंध एका माणसाच्या रूपाने सांगता येतो. चार्ल्स लॅक्विडारा १९६९ च्या सुमारास डब्ल्यूबीसीएनवर आले आणि त्यांचा ‘द बिग मॅट्रेस’ हा सकाळचा कार्यक्रम शहराच्या दिनक्रमाचा भाग झाला. १९९६ मध्ये त्यांची सकाळची वेळ न्यूयॉर्कहून प्रसारित होणाऱ्या निवेदक हॉवर्ड स्टर्न यांच्या कार्यक्रमाला देण्यात आली. दोन्ही केंद्रे तोवर इन्फिनिटी या एकाच कंपनीच्या मालकीची होती, त्यामुळे लॅक्विडारा डब्ल्यूझेडएलएक्सवर गेले आणि २००० साली निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले. ही इन्फिनिटी म्हणजे १९७९ मध्ये १९ जणांना काढणाऱ्या त्याच मालकांनी पुढे उभारलेली कंपनी. डब्ल्यूबीसीएन ऑगस्ट २००९ मध्ये बंद झाले. त्या आठवड्यात ९८.५ वरचे पॉप केंद्र १०४.१ वर हलवले गेले आणि ९८.५ वर खेळांच्या चर्चेचे केंद्र सुरू झाले. उद्या सकाळी गाडीत १००.७ लावाल, तेव्हा हे लक्षात असू द्या की डब्ल्यूबीसीएनवर पंचवीसहून अधिक वर्षे काढलेल्या माणसाचा शेवटचा कार्यक्रम याच लहरीवर झाला होता.