प्रतिसाद: युद्धात वाया गेलेली वर्षं

काहींचं म्हणणं असतं की युद्धाच्या नुकसानीपोटी पेटंटची मुदत वाढवणं म्हणजे मालकांना फुकटची खिरापत. मला हे सरसकट पटत नाही. ब्रिटनचं उदाहरण पाहा. तिथे 1919 च्या कायद्याने पेटंटची मुदत 14 वरून 16 वर्षं केली आणि त्याच वेळी युद्धामुळे तोटा झालेल्या पेटंटधारकाला मुदतवाढ मागण्याची वेगळी वाटही दिली. शोध लावणारा माणूस युद्धाशी संबंधित राष्ट्रीय कामात गुंतला आणि आपला शोध बाजारात आणण्याची संधी गमावून बसला, तर तोही तोटाच धरला जाई. ही तरतूद मला फार न्याय्य वाटते. कारखाना सरकारने ताब्यात घेतला, कच्चा माल मिळेना, कारागीर सैन्यात गेले. पण पेटंटचं घड्याळ काही थांबत नाही. सोळातली पाच-सहा वर्षं अशी गेली तर उरलं काय?

अमेरिकेनेही 1950 मध्ये कायदा करून दुसऱ्या महायुद्धात सैन्यात सेवा केलेल्यांच्या ठरावीक पेटंटांना अशी सोय दिली होती.

मात्र तोटा सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराचीच हवी, आणि युद्धामुळेच वाढलेली कमाई त्यातून वजा व्हायला हवी. पेटंट संपणार म्हणून कुणी आधीच यंत्रं बसवून तयारी केली असेल, तर त्यालाही संरक्षण हवं. औषधांच्या बाबतीत तर मी आणखी कडक राहीन, कारण तिथे वाढीव वर्षांची किंमत रुग्ण मोजतो.