सुपरचार्जर इंजिनचीच ताकद खातो, मग ताकद वाढते कुठून?

रानवाट:
टर्बोचं कळतं, सायलेन्सरकडे फुकट जाणाऱ्या धुरावर पंखा फिरतो आणि आत हवा ढकलतो. सुपरचार्जरही हवाच ढकलतो, पण तो तर क्रँकवरनं, म्हणजे इंजिनच्या फिरत्या मुख्य दांड्यावरनं, बेल्टने फिरवतात, म्हणजे इंजिनचीच पॉवर खर्चून इंजिनची पॉवर वाढवायची? हे गणित डोक्यात बसतच नाहीये, कुणी नीट सांगेल का?

पिस्टनवाला:
अरे पॉवर सुपरचार्जरमधून येतच नाही, ती येते पेट्रोलमधून. आणि पेट्रोल किती जाळता येईल ते हवेवर ठरतं, १ किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल काय, मोठे इंजेक्टर लावून हवं तेवढं मारता येतं, घोडं अडतं हवेपाशी. साध्या इंजिनात बाहेरच्या दाबाने जेवढी शिरेल तेवढीच हवा, हा दाब समुद्रसपाटीला १४.७ पीएसआय (आकडा तोच आलाय, पण निव्वळ योगायोग).
आता २०१५ ची डॉज चॅलेंजर हेलकॅट बघ. ६.२ लिटर व्ही८, सुपरचार्जर त्या दाबावर अजून ११ पीएसआयच्या वर चढवतो. फुल थ्रॉटलला तो फिरवण्यातच ८० एचपीच्या आसपास जातात आणि तरीही हातात ७०७ एचपी उरते! त्याच चॅलेंजरमधलं सुपरचार्जर नसलेलं ६.४ लिटरचं इंजिन, म्हणजे उलट मोठं, ते ४८५ देतं. फरक सगळा हवेचा.

स्वाती_एम:
मस्त सांगितलंत. थोडी भर, जुन्या रूट्स प्रकारच्या सुपरचार्जरमध्ये आतले फिरते रोटर हवा दाबत नाहीत, नुसती केसिंगच्या कडेने पुढे लोटतात, इंजिन ओढतं त्याहून जास्त हवा मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत) येऊन पडते म्हणून तिथे दाब तयार होतो. हेलकॅटमध्ये ट्विन स्क्रू, म्हणजे स्क्रूसारख्या दोन रोटरचा प्रकार आहे, त्यात हवा आतच दाबली जाते, तुलनेत कमी तापते. पण तापते दोन्हीकडे, आणि गरम हवा विरळ, म्हणून ती थंड करणारा इंटरकूलर लागतोच.

रानवाट:
आत्ता कळलं, धन्यवाद दोघांना! मग माझ्या साध्या हॅचबॅकला किट बसवलं तर?

पिस्टनवाला:
नुसतं किट बसवू नकोस रे. हेलकॅटचा कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन आतलं मिश्रण किती पट दाबतो ते) मुद्दाम ९.५ ठेवलाय, साध्या पेट्रोल गाड्यांचा बहुतेक १० च्या वर असतो, त्यावर अजून हवा कोंबली की प्लगची ज्योत पोचायच्या आधीच कडेचं मिश्रण आपोआप पेटतं, नॉकिंग होतं आणि पिस्टनची वाट लागते. ईसीयू मॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग), इंजेक्टर, इंटरकूलर सगळंच बदलावं लागेल. आधी मॅन्युअलमध्ये तुझ्या गाडीचा रेशो बघ आणि इथे टाक, मग बोलू.