१४ जणांचा स्टार्टअप, सगळे घरून काम करणारे: अंतर्गत समिती कशी नेमायची?

नवा_डाव:
सॉफ्टवेअर कंपनी आहे, माणसं १४, त्यांत ५ बायका. ऑफिस नाही. पॉश कायद्याखाली (कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखणारा २०१३ चा कायदा) तक्रारींची चौकशी करणारी अंतर्गत समिती लागतेच का? दोघे संस्थापक आणि एचआर मिळून करायचा विचार आहे. बाहेरची सदस्य म्हणून कंपनीची वकील चालेल का?

सनद:
लागतेच. १० माणसं झाली की समिती हवी, आणि मोजताना ट्रेनी, प्रोबेशनवरचे, कंत्राटी सगळे धरायचे. २०१३ च्या कायद्यातल्या कामाच्या ठिकाणाच्या व्याख्येत राहतं घरही आहे, त्यामुळे रात्री अकराचा व्हिडिओ कॉल त्यातून सुटत नाही.

अध्यक्ष वरच्या पदावरची महिला कर्मचारी, कर्मचाऱ्यांतले किमान दोन सदस्य आणि बाहेरची एक व्यक्ती. निम्म्या तरी बायका हव्यात. मुदत जास्तीत जास्त ३ वर्षं.

संस्थापकांना मात्र समितीत घेऊ नका. अहवालावर कारवाई करायची जबाबदारी मालक म्हणून त्यांचीच असते, मग चौकशीलाही तेच कसे बसणार? खुद्द त्यांच्याविरुद्ध तक्रार असेल तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. हे धोरणात ठळक लिहा, नाहीतर तक्रार करणारीला वाटतं की आपल्याला दारच नाही.

तिसरी_खुर्ची:
वकिलाबद्दल. कायद्याची जाण असलेली व्यक्ती नियमात बसते, पण जी दर महिन्याला कंपनीकडून फी घेते तिच्यावर तक्रारदाराने भरवसा का ठेवावा? बायकांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या कायदेविषयक सेवाभावी संस्थेला पत्र लिहा. आधी कोणत्या चौकश्यांत बसलात, लागोपाठ चार-पाच बैठकांना वेळ देता येईल का, हे स्पष्ट विचारा. नियमात बैठकीचा भत्ता दिवसाला २०० रुपये आणि प्रवासखर्च एवढाच आहे. त्याहून जास्त मानधन ठरलं तर ते नेमणुकीच्या पत्रातच लिहा, तक्रार आल्यावर ठरवू नका.

लहान कंपनीत घोटाळा होतो तो बहुतेक इथे: एक सदस्य नोकरी सोडते, जागा रिकामी राहते आणि बायकांचं प्रमाण निम्म्याखाली येतं. मग अपिलात पहिला मुद्दा समितीच्या रचनेचाच निघतो. राजीनामा आला की त्याच आठवड्यात नवा आदेश काढा. चौकशीला अध्यक्षांसह किमान तिघे हजर हवेत.

नवा_डाव:
आणि तक्रार आलीच तर?

सनद:
घटनेपासून ३ महिन्यांत तक्रार. उशिराचं कारण पटलं तर समिती आणखी ३ महिने देऊ शकते, कारण लेखी नोंदवून. तक्रारीची प्रत ७ कामाच्या दिवसांत समोरच्याला (ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला), त्याचं उत्तर पुढच्या १० कामाच्या दिवसांत. चौकशी ९० दिवसांत, त्यानंतर १० दिवसांत अहवाल, आणि मालकाची कारवाई ६० दिवसांत. समेट फक्त तक्रारदाराने मागितला तरच, आणि त्यात पैशांचा व्यवहार चालत नाही.

९० दिवस म्हणून धावपळही नको. गोवा विद्यापीठाच्या प्रकरणात समितीने लागोपाठ बैठका उरकल्या, समोरच्याला बचावाची पुरेशी संधी दिली नाही. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची बडतर्फी रद्द केली आणि चौकशी २००९ मध्ये जिथे होती त्या टप्प्यावर परत गेली. तक्रार करणाऱ्यांच्या वाट्याला काय आलं असेल, याचा विचार करा.

तिसरी_खुर्ची:
तुमच्याकडे सगळा पुरावा चॅटमध्येच असणार. तक्रार हातात पडली त्याच दिवशी ॲडमिनला सांगून त्या दोघांच्या खात्यांतले मेसेज पुसले जाणार नाहीत असं करून ठेवा, कारण बऱ्याच चॅट ॲपमध्ये जुने मेसेज ठरलेल्या दिवसांनी आपोआप पुसले जातात. ॲडमिनला तक्रारीचं कारण सांगू नका, गुप्तता कायद्यानेच बांधलेली आहे. नुसता कापलेला स्क्रीनशॉट नको. तारीख, नंबर आणि आधीचे-नंतरचे मेसेज दिसतील असा पूर्ण संवाद एक्सपोर्ट करा, मूळ फोन जपून ठेवायला सांगा. हे सगळे कागद समोरच्यालाही दाखवावे लागतात. त्याचे प्रश्न मात्र लेखी घेऊन समितीमार्फत विचारा, म्हणजे तक्रार करणारीला त्याच्यासमोर बसावं लागत नाही.