परवाना कुणाच्या नावावर? बोर्ड बदलल्यानंतरचं ‘रीॲक्टिव्हेशन’

नौपाडेकर

जाणकारांनो, शुक्रवारच्या आत उत्तर हवंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमच्या सोसायटीच्या ऑफिसातला संगणक जुलैच्या पावसात गेला. दोन दिवस लाइट ये-जा करत होती, तिसऱ्या दिवशी बटण दाबलं तर पंखा अर्धा मिनिट फिरला आणि शांत. गोखले रोडच्या मागच्या गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याने झाकण उघडून वास घेतला आणि सांगितलं, “बोर्ड उडालाय.” म्हणजे मदरबोर्ड, बाकीचे सगळे भाग ज्यावर बसतात तो. त्याच कंपनीचा मिळेना, म्हणून दुसऱ्याचा टाकला. डिस्क तीच, रॅम तीच. आणून लावला तर सगळं जागच्या जागी, मेंटेनन्सच्या पावत्यासुद्धा. फक्त पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली फिकट अक्षरं: ‘ॲक्टिव्हेट विंडोज’. दुरुस्तीवाला म्हणाला, “नवीन लायसन लागेल, नाहीतर मी मारून देतो.” मारून नको म्हटलं, सोसायटीचं काम आहे.

आता प्रश्न शब्दाचा. आमचं प्रोसिडिंग मराठीत असतं आणि सचिव मी. ठराव असा लिहिला: ‘मुख्यफलक बदलल्यामुळे प्रणालीच्या अनुज्ञप्तीचे पुनर्सक्रियण करण्यासाठी येणाऱ्या खर्चास मंजुरी देण्यात येत आहे.’ अध्यक्षांनी वाचून विचारलं, “फलक कशाला बदलला? जिन्याखालचा चांगला होता की.” खजिनदार म्हणाले, “संगणक चालू आहे ना? मग सक्रिय काय करायचंय?”

पहिला घोटाळा माझा, कबूल. तिथे ‘मदरबोर्ड’च लिहायला हवं होतं. पण खजिनदारांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ‘पुनर्सक्रियण’च्या जागी काय लिहू?

ऐरोलीहून

खजिनदारांना नमस्कार सांगा, त्यांनी नेमकं बोट ठेवलंय.

माझं पोट स्क्रीनवरच्या मजकुराच्या अनुवादावर चालतं, त्यामुळे ‘सक्रिय’ दिवसातून चाळीसदा टंकते. हा मुळात माणसाचा शब्द. ‘ते आता सक्रिय राजकारणात नाहीत.’ २०२० साली वर्तमानपत्रांनी ‘सक्रिय रुग्ण’ रूढ केला, तेव्हाही माझ्या सासूबाई म्हणायच्या, बिचारे खाटेवर पडलेत आणि हे म्हणतात सक्रिय. नवीन सिम घेतलं की घरात कुणीही ‘सिम सक्रिय झालं’ म्हणत नाही, ‘चालू झालं’ म्हणतो.

मग आम्ही ‘चालू करा’ का लिहीत नाही? कारण संगणकाच्या बाबतीत ‘चालू’ हा शब्द वीज आणि बटण यांनी आधीच अडवून ठेवलाय. ‘विंडोज चालू करा’ लिहिलं तर वाचणारा म्हणेल, चालूच आहे, त्याशिवाय हे वाचतोय कसं? म्हणून ‘सक्रिय’. ती अनुवादकाची पळवाट आहे, शब्दाचा गुण नव्हे.

जुना हार्डवेअरवाला

आत काय होतं ते आधी सांगतो, शब्द मग शोधा.

२००१ साली विंडोज एक्सपी आली तेव्हापासून हा प्रकार घरोघरी आला. २५ अक्षरांची ‘की’, म्हणजे त्या प्रतीचा सांकेतिक क्रमांक, टाकायची. मग संगणक स्वतःच्या दहा प्रकारच्या भागांवरून, म्हणजे प्रोसेसर, डिस्क, नेटवर्क कार्ड, रॅम वगैरेंवरून एक आकडा तयार करायचा आणि की अन् आकडा यांची गाठ मारली जायची. नंतर एखादा भाग बदलला तर चालायचं. नेटवर्क कार्ड तेच असेल तर बाकीचे सहा भाग बदलेपर्यंत कुणी विचारत नसे. कार्डही बदललं तर ते धरून चारातच चौकशी. इंटरनेट नसलेलं गिऱ्हाईक असलं की आम्ही फोन कानाला लावून सहा-सहा आकड्यांचे गट वाचायचो, पलीकडून आलेले आकडे उलट टाकायचे. अर्धी दुपार जायची.

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ब्रँडेड मशीनमध्ये की थेट बोर्डावरच्या चिपमध्ये येते. की छापलेलं वरचं स्टिकर गेलं. विंडोज १० मध्ये ‘डिजिटल लायसन्स’ आलं. त्यात की डोळ्यांनी बघायचीही गरज नाही, आणि लायसन्स मायक्रोसॉफ्ट खात्याला आधी जोडून ठेवलं असेल तर ‘मी नुकतंच हार्डवेअर बदललं’ असा पर्याय ट्रबलशूटरमध्ये, म्हणजे विंडोजच्या अडचण सोडवणाऱ्या सोयीत, मिळतो. ‘आधी’ला अधोरेखित करा. लोक बोर्ड गेल्यावर खातं उघडतात.

आता नौपाडेकर, तुमचं मशीन ब्रँडेड की असेंबल्ड?

नौपाडेकर

ब्रँडेड. २०१९ ला घेतलं, विंडोज आतच आलेली.

जुना हार्डवेअरवाला

मग ते ओईएम लायसन्स. संगणकाबरोबर येतं, संगणकाबरोबर जातं, आणि संगणक म्हणजे कोण तर बोर्ड. बोर्ड बिघडला म्हणून त्याच मॉडेलचा किंवा त्या कंपनीने बदली म्हणून मान्य केलेला टाकला असता तर जुनं लायसन्स लागू राहिलं असतं. तुम्ही दुसऱ्याचा टाकलात. नियमाने तो आता नवा संगणक झाला. दुरुस्तीवाल्याचं अर्धं म्हणणं बरोबर होतं, दुसरं अर्धं सोडा. सुटं, रिटेल घेतलेलं असतं तर जुन्यावरून काढून नव्यावर नेता आलं असतं.

एमएच ४३

हा फरक मराठीत आधीच आहे! आमच्या घरात आहे.

बाबा वाशी स्टेशनला रिक्षा चालवायचे. त्यांच्याकडे दोन वेगळे कागद. गाडी चालवता येते याचा, तो आरटीओच्या भाषेत ‘अनुज्ञप्ती’. शिकाऊ अनुज्ञप्ती, पक्की अनुज्ञप्ती असं फलकावर लिहिलेलं असतं. आणि रिक्षा भाड्याने फिरवायचा तो ‘परवाना’. इंग्रजीत पहिलं लायसन्स, दुसरं परमिट. बाबांनी तीन रिक्षा बदलल्या, परवाना तोच राहिला. मोटार वाहन अधिनियम १९८८, कलम ८३: परवान्यावरची गाडी काढून तशीच दुसरी लावता येते, अधिकाऱ्याची परवानगी घेऊन. परवाना दुसऱ्या माणसाला द्यायचा तर वेगळं कलम, ८२, तिथेही परवानगी.

म्हणजे रिटेल विंडोज हा बाबांचा परवाना. गाडी बदला, चालेल. ओईएमची गाठ मात्र थेट चासिस नंबराशी. म्हणून माझी सूचना: माणसाला मिळतं ती अनुज्ञप्ती, यंत्राला लागतो तो परवाना.

कोपरीकर

एमएच ४३, मांडणी सुबक आहे, पण संध्याकाळी स्टेशनाबाहेर पडलात की मोडते. समोर पाटी दिसते: ‘परमिट रूम’.

ते परमिट कुणाचं? पिणाऱ्याचं. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली दुकानदाराला विकायची अनुज्ञप्ती आणि गिऱ्हाइकाला बाळगायचा, प्यायचा परवाना. इथे परवाना माणसाचा आणि अनुज्ञप्ती दुकानाची. तुमच्या नियमाच्या बरोबर उलट. परवाना फारसीतून आलेला, अनुज्ञप्ती ‘अनुज्ञा’वरून घडवलेला. दोन्हींचा अर्थ मुभा, एवढाच. मुभा कुणाला चिकटते ते शब्दात नाही, कागदात असतं.

वकिली सवयीने आणखी एक. आपल्याकडे अर्धी ठाणे-नवी मुंबई ‘लिव्ह अँड लायसन्स’वर राहते. ११ महिन्यांचा करार करणारा प्रत्येक जण भाडेकरू नाही, लायसन्सी आहे. लायसन्सची व्याख्या १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात, कलम ५२ मध्ये आहे: दुसऱ्याच्या मालमत्तेवर काही करण्याची मुभा, मालकी हक्काचा कणही न देता. कलम ५६ सांगतं की करारात वेगळं नसेल तर ही मुभा दुसऱ्याला देता येत नाही. अपवाद एकच, करमणुकीच्या जागेचं तिकीट. म्हणजे गडकरी रंगायतनचं तिकीट तुम्ही मेहुण्याला देऊ शकता. घराचं लायसन्स नाही.

हा कायदा जागेचा आहे, सॉफ्टवेअरला तो लावत नाहीये. पण ‘विंडोज विकत घेतली’ म्हणणाऱ्याने हे एकदा वाचावं. पागडीची खोली आणि लायसन्सची खोली यांतला फरक ठाण्याच्या माणसाला समजावावा लागत नाही.

एमएच ४३

परमिट रूम विसरलो होतो. सूचना मागे.

पाचपाखाडी अकाउंट्स

‘सरेंडर’ची आठवण कुणीच काढली नाही? आमच्या धंद्यात रोजचा शब्द. टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, एका मशीनवरून दुसऱ्यावर न्यायची तर जुन्यावर आधी लायसन्स ‘सरेंडर’ करायचं, मग नव्यावर ॲक्टिव्हेट. कुणी फॉरमॅट मारायला निघालं की तीन टेबलांवरून एकदम आरोळी येते, “लायसन सरेंडर केलं का?”

एकदा एका नव्या मुलीने सूचनापत्रात लिहिलं, ‘फॉरमॅटपूर्वी परवान्याने शरणागती पत्करावी.’ ते पत्र अजून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेलं आहे. खरं तर ‘सोडणे’ पुरतो. गाळा सोडला, जागा सोडली, तसं लायसन सोडलं.

आणि ‘मारणे’वर कुणीतरी लिहा. फॉरमॅट मारला, विंडोज मारली, शिक्का मारला, रंग मारला. दुरुस्तीवाल्याचं ‘मारून देतो’ यात चोरीचा अर्थ नाही, ‘लावून देतो’ एवढाच आहे. चोरी त्याने न उच्चारलेल्या भागात आहे.

जुना हार्डवेअरवाला

बरोबर, ओरिजिनल डिस्कवरूनही ‘मारतोच’. आम्ही गिऱ्हाइकाला विचारायचो, “ओरिजिनल मारू की साधी?” साधी! म्हणजे चोरीची. काय शब्द होता.

ऐरोलीहून

पुन्हा खजिनदारांच्या प्रश्नाकडे येते. संगणक चालू आहे, पैसे भरलेले आहेत, मग अडलंय काय? हार्डवेअरवाल्यांनी सांगितलंच आहे: जुना आकडा आणि नवा आकडा जुळत नाही.

याला मराठीत तयार शब्द आहे आणि तो रेशनच्या दुकानात रोज ऐकू येतो: ‘अंगठा जुळत नाही.’ आमच्या शेजारच्या आजींची बोटं भांडी घासून गुळगुळीत झालीत, यंत्र त्यांना ओळखत नाही. दुकानदार त्यांना चाळीस वर्षं ओळखतो, पण त्याच्या ओळखण्याला किंमत नाही. त्या आजींना कुणी ‘पुनर्सक्रिय’ करत नाही. त्यांची ओळख पटवून द्यावी लागते. बोर्ड बदललेल्या संगणकाचंही तेच. पहिल्यांदा करताना ‘नोंदवणे’, नंतर ‘ओळख पटवणे’. मला संधी मिळाली तर स्क्रीनवर लिहीन, ‘या संगणकाची ओळख पटलेली नाही’. मिळणार नाही, ती गोष्ट वेगळी. शब्दकोश वरून बांधून येतो.

कोपरीकर

‘ओळख पटवणे’ला अनुमोदन. पण नौपाडेकरांच्या ठरावात तोही नको. त्यांची ओळख पटणारच नाहीये, नियमाप्रमाणे संगणक दुसरा आहे. त्यांना ‘पुन्हा’ काहीच करायचं नाही, नवीन घ्यायचंय. ‘पुनर्सक्रियण’मध्ये नुसता कृत्रिमपणा नाही, माहितीच चुकीची आहे. सभासद समजतील, जुनंच थोडं ठोकून बसवायचंय. आणि घेताना सुटं घ्या, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात बोर्ड उडाला तरी नव्या मशीनवर हलवता येईल.

पाचपाखाडी अकाउंट्स

आणि बिल सोसायटीच्या नावावर घ्या. सचिवाच्या नावावर नको, खातंही सोसायटीच्या ईमेलचं उघडा. कमिटी बदलली की सचिव जातो, पासवर्ड घेऊन जातो.

नौपाडेकर

सर्वांचे आभार. काल रात्री मंजूर झालेला ठराव असा: ‘संगणकाचा मदरबोर्ड जळाल्याने दुसरा बसवला. त्यामुळे संगणकासोबत आलेला विंडोजचा परवाना आता लागू होत नाही. दुसऱ्या संगणकावर हलवता येईल असा नवीन परवाना सोसायटीच्या नावावर घेण्यास मंजुरी.’ अध्यक्षांनी एकही शब्द न विचारता सही केली. ‘सक्रिय’ कुठेच लागला नाही.

खजिनदारांनी मात्र नवं काढलं. डेडस्टॉक रजिस्टरात संगणक एकच आहे, अनुक्रमांक १४. विंडोज म्हणते हा दुसरा संगणक. मग १४ खोडून नवी नोंद करायची, की जुन्याच नोंदीपुढे शेरा मारायचा?

पाचपाखाडी अकाउंट्स

शेरा मारा.