नवा ऑस्कर आडवा पडलाय: रुसवा, पाणी की आजार?

तळगाळ (धागाकर्ता)

चर्चेसाठी एक केस ठेवतो. साडेचार इंचाचा टायगर ऑस्कर मासा, घरी आणून चार दिवस झालेत. टँक 3 बाय 1 बाय 1 फूट, कोरा करकरीत, टॉप फिल्टरही नवाच. मासा तळाला एका कुशीवर पडून असतो. रंग काळपट, पेलेट (खाण्याचा दाणा) नाकासमोर पडला तरी ढिम्म. पाणी महापालिकेचं, अँटीक्लोरीनचे थेंब घालून भरलेलं.

दुकानदाराचं म्हणणं, ऑस्कर रुसतो, आठवडाभर त्याच्या वाटेला जाऊ नका. दुसऱ्या एका जाणकाराचा सल्ला, आजच मेट्रोनिडाझोल (परजीवींवरचं औषध) सुरू करा. माझं मत दुकानदाराकडे झुकतं. जागा बदलली की ऑस्कर मेल्यासारखा आडवा पडतो, ही त्याची जुनी खोड आहे. मतं येऊ द्यात.

गढूळ

साफ असहमत. खोड खरी आहे, पण ती सगळ्यात शेवटी धरायची, बाकीचं सगळं तपासून झाल्यावर. नव्या टँकमधला चौथा दिवस म्हणजे अमोनिया चढायचाच दिवस. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर बसायला चार ते सहा आठवडे घेतात. इथे तर ते अजून आलेलेच नाहीत. वर पेलेट टाकून बघताय आणि तो खात नाहीये. मग तो पेलेट कुठे गेला? तळाला कुजतोय.

थेंबांच्या कीटने अमोनिया, नायट्राइट आणि पीएच मोजा. पाच-इन-वन पट्टीवर विसंबू नका, तिच्यात बहुतेकदा अमोनियाचा चौकोनच नसतो. आणि साधं अँटीक्लोरीन म्हणजे थायोसल्फेट. ते क्लोरीन मारतं, अमोनियाला हातही लावत नाही.

निवांत

गढूळ, प्रत्येक पडलेल्या माशाला अमोनिया चिकटवू नका. चार दिवस उपाशी असलेला मासा घाण तरी किती करणार? दुकानदार पिशवीत भरण्याआधी मासे उपाशी ठेवतात, म्हणजे पोटही बहुधा रिकामंच आलेलं.

रुसवा आणि आजार यांतला फरक डोळ्यांत दिसतो. काचेपासून चार फुटांवर उभं राहा आणि हळूच डावीकडून उजवीकडे जा. रुसलेला ऑस्कर अंग हलवत नाही, पण वरचा डोळा तुमच्यामागे फिरवतो. काचेशी हात नेला की पाठीवरचा पर ताठ होतो, कधी एका झटक्यात सरळ होऊन कोपऱ्यात पळतो. खरा आजारी मासा सरळ व्हायला धडपडतो आणि पुन्हा कलंडतो, किंवा डोळा एका जागी ठरलेला असतो.

उपाय: दोन दिवस लाइट बंद. मागच्या आणि बाजूच्या काचांना काळा कागद लावा. मोकळ्या टँकमध्ये त्याला स्वतःचंच प्रतिबिंब दिसत असतं. मासा आत-बाहेर करू शकेल असा पीव्हीसी पाइपचा तुकडा किंवा आडवी कुंडी ठेवा. खाणं पूर्ण बंद. या मापाचा धष्टपुष्ट ऑस्कर आठवडाभर न खाता आरामात राहतो.

गढूळ

डोळ्याची खूण चांगली आहे, पण तिच्यावरून पाणी ठीक आहे हे कळत नाही. कल्ल्यांना त्रास सुरू झालेला मासाही पहिले काही दिवस डोळा फिरवतोच. आणि ऑस्करच्या बाबतीत एक वेगळा धोका आहे. अॅमेझॉनच्या पुराच्या साचलेल्या पाण्यातला हा मासा ऑक्सिजन कमी झाला की चयापचय मंदावतो आणि हालचाल थांबवतो. एंजल मासा लगेच पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करायला लागेल, हा मात्र खाली गप्प पडून राहील. म्हणजे 'वर येऊन धापा टाकत नाही, तेव्हा ऑक्सिजन ठीक आहे' हा तर्क इथे चालत नाही. टॉप फिल्टरचं पाणी पृष्ठभाग ढवळतंय का ते बघा. नसेल तर एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) टाका, तोट्याचं काही नाही.

कल्ल्यांची उघडझाप मिनिटभर मोजा, सकाळी एकदा, रात्री एकदा, लाइट न लावता. मला आकड्यापेक्षा तो चढतोय का, हे महत्त्वाचं वाटतं. एकच कल्ला हलत असेल तर मग परजीवीचा विचार.

मरळवाला

थोडं अवांतर, पण शीर्षक वाचून मरळ पाळणारेही इथे येतील म्हणून. सगळ्या शिकारी माशांना एकच फूटपट्टी लावू नका. दबा धरून शिकार करणारा मासा दिवसभर न हलणं हेच त्याचं काम. आसाम-मेघालयाकडून येणाऱ्या छोट्या चन्ना (मरळीच्याच जाती) तासन्‌तास तळाला पडून असतात आणि थंडीत आणखी सुस्तावतात, तो रोग नव्हे. त्यांच्यात बघायचं ते एवढंच की हवा घ्यायला वर येते का. पाण्याच्या वर दोन-तीन इंच मोकळी हवा आणि घट्ट झाकण हवं. तिथे पाणी काठोकाठ भरून ठेवलं तर मासा गुदमरेल. ऑस्कर मात्र दबा धरणारा नाही, रुळला की तो माणसामागे काचेला नाक घासत फिरतो. त्यामुळे त्याचं पडून राहणं मी तरी सहज घेणार नाही.

तळगाळ (धागाकर्ता)

रीडिंग मिळाली. अमोनिया 1 (लिटरला मिलिग्रॅम), नायट्राइट 0, पीएच 7.8, तापमान 23. हीटर आहे, पण लावलेला नव्हता. डोळा फिरवतोय. म्हणजे निवांतही बरोबर?

आता आधी हीटर लावून 28 करू का?

थेंबेथेंबे

थांबा, आधी हीटर नको! क्रम महत्त्वाचा आहे. कीट दाखवतं तो एकूण अमोनिया. त्यातला विषारी वाटा पीएच आणि तापमानावर ठरतो. पीएच 7.8 आणि 23 अंशाला तो साधारण 3 टक्के, म्हणजे लिटरला 0.03 मिलिग्रॅम. 0.02 च्या वर गेलं की कल्ल्यांना त्रास धरायचा. पाणी न बदलता 28 केलंत तर वाटा सव्वाचार टक्क्यांच्या आसपास जातो, म्हणजे त्याच पाण्यात विष चाळीसेक टक्क्यांनी वाढलं. पीएच 7 असता तर हाच 1 चा आकडा जवळपास निरुपद्रवी होता.

करायचं असं. 3 बाय 1 बाय 1 म्हणजे 85 लिटर, पण पाणी दहा इंच भरलेलं धरलं तर हातात 70. त्यातलं 35 काढा, तळाची घाण सायफनने ओढून. नवं पाणी बादलीत आधी अँटीक्लोरीन करून, टँकच्या तापमानाला आणून, हळूहळू ओता. मग हीटर 25 वर, दुसऱ्या दिवशी 26, पुढे 27. उद्या पुन्हा मोजा आणि 0.25 च्या वर असेल तर पुन्हा 35 लिटर. अमोनिया बांधून ठेवणारा कंडिशनर (प्राइमसारखा) वापरलात तर दिवसभराची सवड मिळते, फक्त कीटवर आकडा तसाच दिसेल, घाबरू नका.

निवांत

हे पटलं. पण एक पुरवणी. निम्मं पाणी बदलण्याआधी नळाच्या पाण्याचा पीएच मोजा, पाणी रात्रभर उघडं ठेवून. जुन्या, दुर्लक्षित टँकचा पीएच 6.5 आणि नळाचा किंवा बोअरचा 8 असेल, तर एकदम निम्मं बदलल्याने निरुपद्रवी अमोनिया विषारी होतो. तिथे थोडं थोडं, चार वेळा बदलायचं. या केसमध्ये टँकच 7.8 आहे, तेव्हा हा अडथळा नाही.

कंपाउंडर

सगळे पाण्यातच बुडालेत. दुकानाच्या टँकमध्ये सगळीकडचे मासे एकत्र असतात. ऑस्करला हेक्झामिटा (आतड्यातला परजीवी) नवा नाही. मेट्रोनिडाझोल 40 लिटरला 250 मिलिग्रॅम, दिवसाआड, तीन डोस. या औषधाचा फिल्टरला फारसा त्रास नाही. पांढरी लांब विष्ठा दिसेपर्यंत थांबलात तर उशीर होतो.

गढूळ

चार दिवस उपाशी माशाची विष्ठा पांढरी आणि दोऱ्यासारखीच असते, कारण आतड्यात नुसता चिकट स्राव उरलेला असतो. ती बघून हेक्झामिटा म्हणणं घाईचं आहे. मासा खायला लागल्यावरही विष्ठा पांढरीच राहिली, पोट खपाटीला गेलं, डोक्यावर खड्डे दिसले, तर मेट्रोनिडाझोल द्या, आणि तेही शक्यतो खाण्यातून. आज अमोनिया 1 असताना पाण्यात औषध टाकून तुम्ही नक्की कशावर इलाज केलात, हे पुढच्या आठवड्यात कुणालाच सांगता येणार नाही.

कंपाउंडर

खाण्यातून द्या म्हणता, आणि मासा खात नाहीये. असो. पण निदान मेथिलीन ब्लूचा सल्ला कुणी देऊ नका. ते फिल्टरचे जिवाणू मारतं, आणि सिलिकॉन निळं होतं ते कायमचं.

थेंबेथेंबे

यावर कंपाउंडरना +१.

तळगाळ, तुमची पुढची अडचण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येईल. आज नायट्राइट 0 आहे म्हणजे सायकल (जिवाणूंची अमोनिया-नायट्राइट-नायट्रेट साखळी) सुरूच झालेली नाही. अमोनिया उतरायला लागला की नायट्राइट चढेल, मासा पुन्हा आडवा पडेल आणि पुन्हा 'रुसला' म्हणाल. नायट्राइट रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता मारतो, कल्ले तपकिरी दिसतात. त्यासाठी आयोडीन नसलेलं जाडं मीठ, लिटरला 1 ग्रॅम, म्हणजे 70 ग्रॅम, मगभर पाण्यात विरघळवून तासाभरात दोन-तीन हप्त्यांत. पुढे पाणी बदलाल तेव्हा बदललेल्या लिटरपुरतंच मीठ, नाहीतर साठत जाईल. त्याहून चांगलं म्हणजे कुणाच्या चालू, निरोगी टँकमधला वापरलेला स्पंज ओला ठेवून आणा आणि तुमच्या फिल्टरमध्ये बसवा. तो नळाखाली धुऊ नका!

मरळवाला

आणि खायला सुरुवात कशाने, तेही सांगून टाका, नाहीतर दुकानदार गप्पी आणि फीडर गोल्डफिश देईल. त्यातून परजीवी येतात, आणि गोल्डफिशमधलं थायमिनेज जीवनसत्त्व बी-1 मोडतं. अमोनिया 0.25 च्या खाली आल्यावर सोललेल्या कोळंबीचा वाटाण्याएवढा तुकडा, संध्याकाळी, लाइट बंद असताना. दहा मिनिटांत नाही खाल्ला तर काढून टाका.

तळगाळ (धागाकर्ता)

35 लिटर बदललं, एअरस्टोन टाकला, तीन काचांना कागद लावला. स्पंजची चौकशी चालू आहे. औषध तूर्तास नाही.

गढूळ

ठीक. पण 70 लिटरमध्ये फूटभर होणारा मासा ठेवणार आहात, त्यावर इथे कुणीच बोललं नाही. 4 बाय 1.5 बाय 1.5 म्हणजे 255 लिटर, ऑस्करसाठी ते कमीत कमी. तो सहा इंचांचा होण्याआधी सोय बघा.