नवीन मार्केटचा नकाशा फायनल होतोय, आगीसाठी काय मागून घ्यायचं?

गाळेधारक
जुनं मार्केट पाडून त्याच जागी नवीन होतंय, तळमजला आणि वर एक मजला, साधारण 200 गाळे, मी समितीत आहे. नकाशात एक्स्टिंग्विशर आणि अलार्मच्या खुणा आहेत, बाकीचे म्हणतात परवानगी मिळते ना मग झालं. मला पटत नाहीये. माल सगळा कापड, प्लास्टिक, पुठ्ठा, आणि रात्री आत कुणीच नसतं. नंतर बदलता येत नाही असं काय असतं, ते आत्ताच मागायचंय.

निवृत्त_फायरमन
वेळेवर विचारलंत. एक्स्टिंग्विशर उद्याही लावता येतो, भिंत आणि रस्ता उद्या मिळत नाही. अग्निशमनच्या गाड्यांना निदान दोन बाजूंनी आत येता आलं पाहिजे आणि पाण्याची टाकी, हायड्रंट (आग विझवायचा पाइप जोडायचे नळ) नकाशातच हवेत. मग गाळ्यांचे गट पाडा, दोन गटांमध्ये वीट किंवा काँक्रीटची भिंत आणि ती छताच्या वरपर्यंत न्या, बऱ्याच ठिकाणी ती फॉल्स सीलिंगपाशी थांबवतात आणि आग वरच्या पोकळीतून आरामात पलीकडे जाते. ढाक्याचं बंगबाजार एप्रिल 2023 मध्ये जळालं, फायर सर्व्हिसचं मुख्यालय अगदी समोर, तरी हजारो दुकानं गेली, कारण लाकूड-पत्र्याची दुकानं एकमेकांना चिकटून होती, मध्ये आग अडवणारं काही नव्हतंच. आणि छताला धूर बाहेर काढणारी व्हेंट्स मागा, माणसं बहुतेक वेळा धुरानेच जातात.

नकाशेवाली
वरच्यांशी सहमत. माझं म्हणणं, लोक मार्केट कसं वापरणार ते धरून डिझाईन करून घ्या. कागदावर 3 मीटरची गल्ली असते, चार-सहा महिन्यांत माल बाहेर येतो आणि एक माणूस जेमतेम जाईल एवढी उरते. दंड लावून हे थांबत नाही हो, गोडाऊनच दिलं नाही तर दुकानदार खोकी ठेवणार कुठे? म्हणून वेगळ्या भिंतीआड स्टोअर द्या, गाळ्यासमोर माल मांडायची पट्टी नकाशातच धरा आणि त्यापुढे चालायची गल्ली मोजा. गल्लीचं एक टोक बंद असं कुठेच नको, आणि वरच्या मजल्याला दोन जिने लांब-लांब टोकांना, शेजारी-शेजारी दोन काढले तर तो एकच जिना समजा.

वायरमन_दादा
वायरिंगवर पैसे वाचवू नका. प्रत्येक गाळ्याला स्वतःचा एमसीबी (जास्त लोड किंवा शॉर्टसर्किट झालं की वीज तोडणारा स्विच) आणि ईएलसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा), लोड आधी विचारून घ्या, नाहीतर एका सॉकेटवर चार एक्स्टेंशन लागणारच. रात्री गाळ्यांची मेन बंद करता आली पाहिजे पण अलार्म, पंप, इमर्जन्सी लाईट वेगळ्या लाईनवर, ते चालूच राहिले पाहिजेत. स्प्रिंकलरला, म्हणजे आग लागली की छतातून आपोआप पाणी फवारणाऱ्या नोझलला, लोक घाबरतात की सगळा माल भिजेल, तसं होत नाही, त्यातली लाल काचेची नळी साधारण 68 अंशांला फुटते आणि जिथे उष्णता पोचली तेवढाच उघडतो. फक्त त्याच्या खाली अर्धा मीटर तरी मोकळा ठेवा, छतापर्यंत थप्पी लावली तर पाणी पसरतच नाही.

गाळेधारक
खूप आभार सगळ्यांचे. एकच अडलंय, मागचे दरवाजे ठेवले तर चोऱ्या होतील म्हणून कुलूप लावायचं असं समितीत चाललंय.

निवृत्त_फायरमन
कुलूप अजिबात नको. 2004 साली पॅराग्वेच्या असुन्सिऑनमध्ये सुपरमार्केटला आग लागली तेव्हा लोक पैसे न देता माल नेतील म्हणून दरवाजे बंद केले गेले, जवळजवळ 400 माणसं गेली. पॅनिक बार, म्हणजे दाराला आतून असलेला आडवा दांडा, लावून घ्या, बाहेरून दार उघडत नाही पण आतून नुसतं ढकललं की उघडतं, किल्लीची गरज नाही, आणि सोबत भोंगा बसवला की कुणी उघडलं तर लगेच कळतं. दार बाहेरच्या बाजूलाच उघडणारं हवं, हे नकाशावर लिहून सही घ्या.