फाटक आपोआप का पडत नाही?

लोकलवाली: दिव्याला फाटकाजवळच राहते. फाटक पडतं आणि गाडीचा पत्ता नसतो, नुसतं उभं राहायचं. परदेशात म्हणे गाडी जवळ आली की आपोआप पडतं, आपल्याकडे अजून गेटमनच का? आणि त्याच्याकडून उघडं राहिलं तर गाडीला कळणार कसं?

सिग्नलखात्यातला: इंटरलॉकिंग, म्हणजे फाटक आणि सिग्नल एकमेकांना जोडलेले असतील, तर फाटक पडून लॉक लागल्याशिवाय सिग्नल मिळतच नाही, गेटमनने काहीही केलं तरी. आणि सिग्नल दिला की गाडी जाईपर्यंत लॉक सुटत नाही. गाडी कुठे आहे ते बऱ्याच ठिकाणी ट्रॅक सर्किट सांगतं, रुळांतून कमी व्होल्टेजचा करंट सोडलेला असतो, चाकं आली की तो शॉर्ट होतो आणि रिले, म्हणजे त्या करंटवर चालणारा स्विच, पडतो आणि सिग्नल लाल होतो. वायर तुटली, पॉवर गेली तरी रिले पडतोच, म्हणजे बिघाड झाला तर लालच.

लवकर पाडतात कारण ११० च्या स्पीडची गाडी थांबायला किलोमीटरभर लागतो, म्हणून डिस्टंट सिग्नल तितका आधी असतो आणि तो पिवळा दिसला की लोको पायलट ब्रेक लावायला घेतो. गाडी त्या डिस्टंटपाशी यायच्या आत लॉक लागायला हवं.

ब्रिटनमधलं ऑटोमॅटिक अर्धं फाटक गाडी यायच्या कमीत कमी २७ सेकंद आधी चालू होतं, पण रुळांवर एखादं वाहन अडकलं तर सिग्नल ट्रेनला अडवत नाही. आपल्या गर्दीत ते मला तरी नको वाटतं, अर्ध्या मोकळ्या रस्त्यातून लोक घुसणारच.

डोंबिवली_फास्ट: दिव्यालाच बघा ना, बूम (फाटकाचा दांडा) खाली येताना एक रिक्षा घुसते, मागून दोन बाइक, बूम पुरतं खाली येत नाही, लॉक लागत नाही, आणि तिकडे गर्दीने भरलेली लोकल लाल सिग्नलला उभी. शिव्या मात्र गेटमनला.

लोकलवाली: हे माहीतच नव्हतं. आणि इंटरलॉकिंग नसेल तिथे?

सिग्नलखात्यातला: तिथे स्टेशन मास्तर फोन करतो, गेटमन फाटक बंद करून प्रायव्हेट नंबर, म्हणजे बंद केल्याची खूण म्हणून एक गुप्त आकडा देतो, सगळी भिस्त त्या बोलण्यावर. ८ जुलै २०२५ ला तमिळनाडूत कडलूरजवळ शाळेच्या व्हॅनला गाडीने उडवलं ते असंच फाटक होतं, मुलं गेली. त्यानंतर रेल्वेने इंटरलॉकिंगसाठीची टीव्हीयूची मर्यादा २०,००० वरून १०,००० केली. टीव्हीयू म्हणजे दिवसभरातल्या ट्रेन गुणिले रस्त्यावरची वाहनं. माझ्या मते मर्यादाच नको, सगळ्याच फाटकांना करा. गावाकडच्या फाटकाला आहे का ते गेटमनला विचारा, सांगतात.